बाहेरच्यांचा फोल्डर

नव्या साहेबांनी आल्या आल्या फतवा काढला: कंपायलरने एक जरी वॉर्निंग दिली, तरी ती चूक धरायची आणि काम तिथेच थांबवायचं. आता कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम तपासून मशीनला समजेल असा करून देणारा. खुसपटं काढण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

प्रोग्रॅमरने आपला कोड घासूनपुसून लख्ख केला. संध्याकाळी सहाला त्याच्या बायकोची पोहण्याची शर्यत होती. चाळिशीत पाण्यात उतरलेल्या बाईची पहिली शर्यत. याआधी 'येतो' म्हणून तो कुठे कुठे आला नव्हता, याची उजळणी तिने सकाळी दारातच केली होती.

मग त्याने तारखांचा हिशेब करणारी एक लायब्ररी जोडली. लायब्ररी म्हणजे बाहेरच्या कुणीतरी लिहून ठेवलेला आयता कोड. जोडताच स्क्रीनभर वॉर्निंगा. त्याला वाटलं, त्यात काय, आपणच दुरुस्त करू. एक मिटवली की दोन उठत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कशाबशा निम्म्या संपल्या, तोच लायब्ररीची नवी आवृत्ती आपोआप उतरली आणि त्याची सगळी दुरुस्ती पुसली गेली. नव्या आवृत्तीत नव्या वॉर्निंगा होत्या.

शेजारच्या टेबलावर काका बसत. याच ऑफिसात त्यांचे केस पांढरे झाले होते. ते म्हणाले, "परक्याच्या घरची धुणी तू कशाला धुतोस? ती लायब्ररी ज्यात आहे तो फोल्डर बाहेरच्यांचा आहे, असं कंपायलरला सांगून टाक. बाहेरच्यांना तो काही बोलत नाही."

एका ओळीचं काम निघालं. वॉर्निंगा शून्य. आनंदाच्या भरात त्याने बायकोला फोन करून हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, असं होय. आणि सहाची आठवण करून दिली.

गोष्ट इथेच संपायची, पण ऑफिसात युक्ती झाकून राहते होय? चहाच्या वेळेपर्यंत प्रत्येकाने आपापला कोड त्याच फोल्डरमध्ये नेऊन ठेवला. काकांनीसुद्धा. एकही वॉर्निंग नाही म्हणून साहेब कौतुकाने बघायला गेले, तर कंपनीचं स्वतःचं म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. ज्याने हा फोल्डर काढला त्यानेच सगळ्यांचा कोड जागच्या जागी लावावा, असं ठरलं.

तो तलावावर पोचला तेव्हा रखवालदार कुलूप लावत होता.

घरी टेबलावर दुसऱ्या क्रमांकाचं पदक होतं. तो मान खाली घालून उभा राहिला. बायको हसून म्हणाली, "या, बसा. पाणी आणू?" आणि चांगल्या ग्लासातून, खाली बशी ठेवून पाणी आणलं.

"अगं, बोल ना काहीतरी."

"छे, बाहेरच्यांना आपण काही बोलत नाही."

त्यानंतर त्याने बूट वाटेत काढले, नळ टपकता सोडला, दूध उतू घालवलं. ती सगळं निमूट आवरायची आणि त्याला 'अजून काही हवं का' विचारायची. त्याचं जेवणावरचं मन उडालं. एवढा धाक त्याला तिच्या बोलण्याचाही कधी वाटला नव्हता.

पुढच्या शर्यतीला त्याने रजा काढली. तलाव उघडायच्या आधीपासून तो फाटकाशी उभा होता. ती शेवटून दुसरी आली. हा टाळ्या वाजवत राहिला. घरी येऊन त्याने तिची पिशवी रिकामी केली आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला गेला.

"ओला टॉवेल पलंगावर कोणी टाकला?" आतून आवाज आला. "किती वेळा सांगायचं रे तुला? आणि ती गादी बघ, सगळी भिजवलीस."

त्याने गॅस बारीक केला, दारात जाऊन उभा राहिला आणि ते सगळं शेवटपर्यंत मन लावून ऐकलं.