मध्यंतरानंतरचा सिनेमा

नळावर कळशी लावली की चारुलताला पहिला प्रश्न यायचा तो सिनेमाचा. "काय गं, कसा आहे?" मग ती बाळाला कडेवर सरकवत मत द्यायची. "नायिका गोड आहे, पण रडायला लागली की आवरत नाही. हिरो तसा बरा. पोट आत ओढून उभा राहतो, एवढंच." पिंपरीच्या त्या कॉलनीत तिच्या मताला असं वजन होतं, की फोरमनसाहेबांच्या केसरबाई तिला विचारल्याशिवाय टॉकीजची पायरी चढत नसत.

आणि बाळ झाल्यापासून चारुलताने एकही सिनेमा पुरा पाहिलेला नव्हता. हे फक्त शेजारच्या कस्तुराला ठाऊक होतं, कारण उरलेला अर्धा कस्तुरा पाहायची.

कस्तुराचं पोरही आठ महिन्यांचं. चारुलताचा अनंता आणि कस्तुराचा नवरा एकाच कंपनीत, पाळ्या उलटसुलट. त्यांचंच बघून दोघींनी ही युक्ती काढली होती. तिकीट एकच. मध्यंतरापर्यंत चारुलता आत आणि कस्तुरा दोन्ही पोरं घेऊन व्हरांड्यात. मध्यंतराला तिकिटाचा तुकडा हातात द्यायचा, पोरं ताब्यात घ्यायची, की झाली बदली. डोअरकीपर जयसिंग काणाडोळा करायचा. वर तोच हाक मारायचा, "दुसऱ्या शिफ्टच्या बाई, चला, घंटा झाली!" घरी जाताना वाटेत एकमेकींना आपापला अर्धा सांगितला, की सिनेमा पुरा.

घोटाळा झाला तो एका बुधवारी. सिनेमा सुटतो न सुटतो तोच कस्तुराचा भाऊ खंडू टॉकीजच्या दारात हजर. "आक्के, चल बिगीनं. धाकलीला बघाया पावनं यायल्यात." त्याने बहिणीला तिथूनच राजगुरुनगरच्या एस्टीत बसवलं. कस्तुरा गेली, ती सिनेमाचा दुसरा अर्धा सोबत घेऊनच गेली.

दुसऱ्या दिवशी नळावर केसरबाईंनी विचारलं, "मंडळाच्या बायका रविवारी तीनच्या खेळाला न्यायच्यात. यंदा सासवासुद्धा येणारेत. घरगुती आहे ना गं?"

चारुलताने पाहिलेल्या अर्ध्यात तुळशीवृंदावन होतं, नैवेद्याचं ताट होतं आणि सासूचे पाय चेपणारी सून होती. "अगदी घरगुती!" ती म्हणाली. "सासू-सुनेचं इतकं प्रेम मी तरी पडद्यावर पाहिलं नाही."

"आणि शेवट?"

शेवट म्हटल्यावर तिला आठवला तो व्हरांडा आणि दोन ओली दुपटी. "शेवट तर... तुम्ही पाहाच!"

शुक्रवारी वाईहून सावित्रीबाई आल्या, चारुलताच्या सासूबाई. बारशानंतर प्रथमच. त्या कमी बोलत आणि बरंच बघत. त्यांच्या तोंडून एकदा 'बरं आहे हो तुझं' एवढं निघावं म्हणून चारुलता दोन दिवस डबे घासून आरशासारखे करत होती. तुळशीचा सिनेमा आहे म्हटल्यावर सासूबाईही निघाल्या. रविवारी इरकली नेसून, केसरबाईंचा हात धरून त्या गेल्या आणि चारुलताने सुटकेचा निःश्वास टाकला.

चारच्या सुमाराला कस्तुरा पोराला घेऊन दारात. "वैनी, कॉलनीत सामसूम का? समद्या बाया गेल्या कुठं?"

"आपल्या त्या सिनेमाला. मंडळातर्फे. आमच्या आईपण गेल्यात."

"आगं बया!" कस्तुराने पिशवी तिथंच टाकली. "सासूला धाडलंस? त्या पिच्चरला?"

"का गं? काय होतं पुढं?"

"काय व्हायचं ऱ्हायलंय? ती सून सासूची ट्रंक उचलून अंगणात फेकती. मंग सासूला धरून भाईर! वर कडी लावती. लोकांनी ह्या शिट्ट्या मारल्या!" कस्तुराने आवाज खाली आणला. "म्या बी मारली एक."

चोवीस बायका, त्यात नऊ सासवा, आणि सगळ्यांना सांगितलेलं की सिनेमा चारूच्या पसंतीचा! वाईला हे कळायला दोन दिवसही लागले नसते.

दोघी पोरं काखोटीला मारून धावत सुटल्या. टॉकीजवर पोचल्या तेव्हा मध्यंतराचे दिवे लागले होते. जयसिंग दारात उभा होता. तो खूश होऊन ओरडला, "अरे वा! आज दोन्ही शिफ्टा एकदम? मग पोरं कोण सांभाळणार, वहिनी?"

"कसल्या शिफ्टा?" मागून आवाज आला. शेंगदाण्याची पुडी हातात घेऊन सावित्रीबाई उभ्या होत्या.

जयसिंगला वाटलं, आजीबाई कौतुकाने विचारतायत. त्याने सगळं सांगितलं. तिकिटाच्या तुकड्यापासून दुपट्यांपर्यंत काही शिल्लक ठेवलं नाही. चारुलता धीर करून म्हणाली, "आई, घरी चला ना. पुढचा भाग काही चांगला नाही."

"तुला काय ठाऊक? तू तर पाहिलेलाच नाहीस म्हणे."

"नाही."

"नेहमी अर्धाच बघतेस?"

"बाळ झाल्यापासून."

सासूबाईंनी पुडी कस्तुराच्या हातात दिली. "अनंता वर्षाचा होता," त्या हळूच म्हणाल्या. "गावात तंबूतला सिनेमा आला होता. ह्यानं असं भोकाड पसरलं, की मध्यातच उठले. एक बाई नदीकाठी चिठ्ठी वाचत होती. तिचं पुढं काय झालं, मला अजून ठाऊक नाही." त्यांनी हात पुढे केले. "आण बाळाला इकडे. हे घे तिकीट, तू जा आत."

"अहो आई, पण..."

"जा म्हटलं ना! घंटा झाली."

अंधारात केसरबाईंच्या शेजारी बसून चारुलताने बाळ झाल्यापासून पहिल्यांदा मध्यंतरानंतरचा सिनेमा पाहिला. ट्रंक अंगणात पडली तेव्हा आठ सासवा हळहळल्या आणि पंधरा सुना खोकल्या. चारुलताला मात्र पडदा नीट दिसतच नव्हता. मांडी मोकळी होती, कुणी पदर ओढत नव्हतं, आणि डोळे उगाच भरून येत होते.

परत येताना सासूबाई केसरबाईंबरोबर पुढे गेल्या. मागून चारुलता आणि कस्तुरा, खांद्यावर झोपलेली पोरं घेऊन.

घरी चहाचं आधण ठेवताना सासूबाईंनी विचारलं, "मग? काय झालं पुढं?"

चारुलताने साखरेचा डबा उघडला, मिटला. "सून... जरा रागावते. पण मग तिला चूक कळते. स्वतः जाऊन सासूला घरी आणते. ट्रंकसुद्धा स्वतःच उचलून आणते. आणि म्हणते, आई, तुमच्यामुळेच माझं सगळं आहे."

हे शेवटचं वाक्य कुठून आलं ते तिलाही कळलं नाही. सिनेमात तरी नव्हतं.

चहा झाल्यावर सासूबाई कप फुंकत म्हणाल्या, "छान आहे हो. केसरबाई येताना सांगत होत्या, त्यात दाराला कडी होती. मला तुझाच आवडला." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "बुधवारी नवा लागतोय म्हणे. पहिली शिफ्ट माझी."