जमनाबाईंची स्कूटर गप्प होते

निवृत्त होऊन अकरावा दिवस उजाडला आणि कमलाकांतांनी बायकोच्या स्कूटरचा बेल्ट बदलायचं ठरवलं.

त्यांचाही नाइलाज होता. चौतीस वर्षं त्यांनी तारापूरच्या एका कापड कारखान्यात फिटर म्हणून काढली होती. कुठल्या मशीनचा बेल्ट सैल पडलाय, कुठल्या पुलीचं बेअरिंग जाणार, हे ते नुसत्या कानाने सांगायचे. डबा खाताना कमलाकांतांचा घास थांबला की खात्यातले लोक समजायचे, कुठेतरी बेल्ट घसरतोय. आता त्या कानाला घरी काम नव्हतं. पंखा झाला, मिक्सर झाला, शेजारच्या नवशाची पाण्याची मोटर झाली. आणि मग सकाळी सहाला जमनाबाई मासळीच्या पेट्या लादून नवापूर गावातल्या घराच्या अंगणातून निघाल्या, त्या 'चींऽऽक्यांव, चींऽऽक्यांव' असा गजर करत.

दुपारी त्या परत येईपर्यंत कमलाकांत दारातच उभे होते.

"हे कधीपासून वाजतंय?"

"झाली की आठ-नऊ वर्सं."

"आणि मला सांगितलं नाय? फिटरच्या घरात घसरता बेल्ट?"

"तुमी घरात होता कवा? साडेपाचला कंपनीची बस. मी निगायच्या आदी तुमी गेटवर."

हे खरंच होतं. ती गिअर नसलेली स्कूटर मुलगा सुजीत बालवाडीत असताना घेतलेली. ओहोटीला नवापूरच्या ओल्या वाळूवर कमलाकांतांनी बायकोला ती शिकवली होती. सीट धरून मागे धावता धावता त्यांचा दम गेला आणि हात सुटला; ब्रेक सापडेना म्हणून जमनाबाईंनी स्कूटर सरळ समुद्रात घातली. पाणी थांबवेल, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो बरोबर निघाला. ते दिवस आठवून कमलाकांत अजून एकटेच हसायचे. पण त्यानंतर ती स्कूटर रोज जाते कुठे आणि करते काय, हे बघायची त्यांना कधी सवडच झाली नाही.

सोमवारी गिऱ्हाईक मासळी खात नाही, म्हणून सोमवार कामाला बरा. कमलाकांतांनी स्कूटरच्या कुशीचं झाकण उघडलं. नवा बेल्ट घातला, पुलीतले झिजलेले रोलर बदलले, क्लचला नव्या स्प्रिंगा लावल्या आणि पिकप मनासारखा येईपर्यंत तीन वेळा सगळं खोललं. मग जुना बेल्ट घेऊन त्याचे करवतीने दोन तुकडे केले. हा कारखान्याचा नियम. उतरवलेला बेल्ट कापायचाच, नाहीतर कुणीतरी चुकून परत चढवतो.

मंगळवारी स्कूटर निघाली ती लोण्यातून सुरी जावी तशी. आवाज नाही की हिसका नाही. कमलाकांत अंगणात कमरेवर हात ठेवून बघत राहिले. नवशाला बोलावून त्यांनी तो न येणारा आवाज ऐकवला.

दुपारी जमनाबाई परत आल्या, तेव्हा पेटीत अर्धे बोंबील तसेच होते.

"काय झालं?"

"कोनी भायेरच आलं नाय. मी कवा आले नि कवा गेले, कुनाला ठावंच नाय. अवो, ती चींचीं आयकूनच बायका ताट घेऊन निगायच्या. भावना तर आवाज आला का गॅसवर तवा ठेवायची."

कमलाकांतांचा चेहरा पडला. जमनाबाई फेरीला जायच्या त्या सरावलीतल्या पाच गल्ल्या कमलाकांतांच्या आईने डोक्यावर टोपली घेऊन पायी जोडलेल्या, आणि पुढे जमनाबाईंनी राखलेल्या. तिथल्या तरुण मुली आता मोबाईलवरून मासळी मागवायला लागल्या होत्या. आठवडाभर जमनाबाई आल्याची खबर लागली नाही, तर ते गिऱ्हाईक कायमचं तुटणार होतं. आणि ते तोडलं असतं कमलाकांतांनी, तेही स्वतःच्या हाताने, नव्या स्प्रिंगा लावून.

"हॉर्न वाजव ना," ते म्हणाले.

बुधवारी जमनाबाईंनी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी तीन-तीनदा हॉर्न वाजवला. सरावलीत शाळेची गाडी तसाच हॉर्न देते. दोन मुलं दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या घेऊन मासळीच्या पेटीशेजारी येऊन उभी राहिली. त्यातल्या एकाने तर पेटीवर चढून बसायचा प्रयत्न केला.

"पप्पा, सोपं हाय," सुजीत म्हणाला. "भोंगा लावू. तुमचा आवाज भरू त्यात."

गुरुवारी भोंगा लागला. पण तसले भोंगे एकाच दुकानातून येतात आणि त्यातून कुणीही बोललं तरी एकच माणूस बोलल्यासारखं वाटतं. त्या गल्ल्यांत आधीपासून तसा भोंगा भंगारवाल्याचा होता. बायका रद्दी घेऊन उतरल्या. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी दोरीने पंखा सोडला. दुपारी जमनाबाई आल्या तेव्हा पेटीत मांदेली शिल्लक होतीच, वर एक फुटकी बादली होती.

"ही कोनाची?"

"तिसऱ्या गल्लीतल्या जागृतीची. माजं आयकायच्या आदीच हातात देऊन गेली. वजन करून ठेवा, बोलली."

आता एकच उपाय उरला होता. बेल्ट पुन्हा वाजवायचा. कमलाकांतांनी बेल्टवर पाणी मारलं. स्कूटर नवशाच्या कुंपणापर्यंत कुईकुई करून गप्प झाली. पावडर टाकली, ती शिंकल्यासारखी सुरू झाली आणि मग आधीपेक्षाही सुरळीत चालायला लागली. आवाज घालवायचे शंभर मार्ग त्यांना पाठ होते. आवाज आणायचा कसा, हे चौतीस वर्षांत कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी ते बोईसरच्या मेहुल मेकॅनिककडे गेले.

"बेल्ट वाजायला पायजे," त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

मेहुलने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "काका, जुना आना. बसवून देतो."

"कापला."

"कशाला?"

"नियम हाय तसा."

मेहुलने चहा मागवला.

शुक्रवारी सकाळी कमलाकांत म्हणाले, "मी येतो मागे बसून. बघतो तरी."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, आणि बायकोची फेरी ते पहिल्यांदाच बघत होते. पहिल्या गल्लीत जमनाबाईंनी हाळी द्यायचा प्रयत्न केला. आवाज अर्ध्यात फाटला आणि खोकल्याची उबळ आली.

"घसा कधी गेला तुझा?"

"गेला कवाच. मंग स्कूटर वाजाया लागली, माजं काम झालं. म्हनून तर तुमाला सांगितलं नाय. दुरुस्त केली असती ना तुमी."

लग्नानंतर दोन वर्षं जमना टोपली घेऊन कारखान्याच्या भिंतीमागून जायची. दीडशे मागांच्या खडखडाटातही कमलाकांतांना तिची हाळी ऐकू यायची, आणि हातातली तेलाची बुधली तशीच धरून ते क्षणभर उभे राहायचे. ती हाळी कधी बंद पडली, हे मात्र त्यांना कळलंच नव्हतं. खात्यातला कुठलाही बेल्ट एवढा वेळ बंद राहिला असता, तर त्यांनी अख्खा कारखाना डोक्यावर घेतला असता. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

त्यांनी जमनाबाईंच्या खांद्यावर एक हात ठेवला, छाती भरून श्वास घेतला आणि डोळे मिटून ओरडले, "बोंबीऽऽल! ताजं म्हावराऽऽ! जमना आयलीऽऽ!"

आधी दोन कुत्री उठली. मग एक खिडकी उघडली. मग दुसरी. रिद्धी ओले हात पुसत आली, जागृती आपली बादली मागायला आली आणि बोंबील घेऊन गेली. भावनाबाई तर ताट घेऊन जवळजवळ धावतच आल्या.

"कुठं होतीस गं तीन दिवस? मी ते मोबाईलवर नावसुद्धा भरायला घेतलं होतं." मग त्यांचं लक्ष मागच्या सीटवर गेलं. धोतराच्या वयाचा एक गृहस्थ जीन्स घालून, लालबुंद चेहऱ्याने घाम पुसत बसला होता. "आणि हे कोण?"

जमनाबाईंनी वजनात दोन बोंबील वरून टाकले.

"नवा बेल्ट हाय," त्या म्हणाल्या. "जुना यांनी कापला."

भावनाबाईंना काही कळलं नाही. कमलाकांतांना कळलं. पुढच्या गल्लीत त्यांनी हाळी दिली, ती गरजेपेक्षा जरा जास्तच लांबवली.