चुलीचं नाक

आमच्या शेजारचे मनिरामकाकाजी कुणाच्याही घरी आले की आधी दाराकडं बघत नाहीत, छपराकडं बघतात. गल्लीत उभं राहायचं, हात पाठीमागं बांधायचे, मान वर करायची आणि कवेलूंमधून निघणारा धूर डोळे बारीक करून पाहायचा. मग आवाज द्यायचा, "सूनबाई, तुमची चूल उपाशी हाये जी!"

मी लग्न होऊन या गावात आले, त्या पहिल्याच हिवाळ्यात हे वाक्य माझ्या कानावर पडलं. करडी गावच्या बाजारापासून जवळचं हे धानाचं गाव. कोपऱ्याकोपऱ्यात तांदूळ भरलेला, आणि नव्या सुनेला भर गल्लीत कुणी म्हणावं की तुझी चूल उपाशी आहे! मी घाबरून सासूबाईंकडं पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लक्ष नोको देऊ. भाऊजीले सवयच हाये."

सवय म्हणजे काय, ते हळूहळू कळलं. काकाजींनी सारी उमर राईस मिलमध्ये काढली. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायचा तर धान वाफवावं लागतं, वाफेला बॉयलर लागतो, बॉयलरला आग लागते आणि आगीला काकाजी लागायचे. धानाचा भुसा टाकायचा, राख ओढायची, हवा कमीजास्त करायची, एवढंच काम. पुढं मिल सुटली, पण आग काही सुटली नाही. आता गल्लीतली एकेक चूल म्हणजे त्यांना आपल्याच ताब्यातला लहानसा बॉयलर वाटते.

त्यांचं म्हणणं सरळ आहे. "मानसाले तोंड हाये खायाले, अन् नाक हाये दम घ्यायाले. तुमच्या चुलीले तोंडच तोंड हाये. तोंडात लाकडं कोंबून राहिले तुमी. मंग तिनं दम घ्यावा कुटून?"

चुलीचं नाक म्हणजे जाळी. चुलीच्या आत, जमिनीपासून चार बोटं वर, लोखंडी गज आडवे बसवायचे. लाकूड गजांवर, खाली मोकळी जागा. राख खाली गळते, हवा खालून वर येते, आणि जाळ धुराला वर येऊच देत नाही, खाऊन टाकतो. शिवाय लाकूड वाळलेलं पाहिजे, बारीक फोडलेलं पाहिजे, आणि एका वेळी थोडंच सारलं पाहिजे. यातलं एखादं जरी चुकलं, तर काकाजी असे कळवळतात की पाहणाऱ्याला वाटावं, कुणी त्यांच्याच नाकाला चिमटा लावला.

"जाळ लाकडाचा नसते वो," ते म्हणतात, "हवेचा असते. लाकूड तं निस्ता बहाना हाये."

हे म्हणताना त्यांची नजर कुठंतरी दूर जाते. चुलीपुढं उकिडवे बसले की हा माणूस आपल्यात राहत नाही. तुम्ही चहा द्या, तो निवतो. तुम्ही प्रश्न विचारा, ते बोट वर करून म्हणतात, "आयका." आपण ऐकतो. लाकूड ओलं असेल तर ते सूं सूं करतं. हवा कमी असेल तर जाळ गप्प असतो. "हे रुसली हाये," काकाजी हलक्या आवाजात सांगतात. मी पुष्कळदा त्यांच्या शेजारी बसून ऐकलं आहे, आणि खरं सांगते, थोड्या वेळानं मलाही चूल रुसल्यासारखी वाटायला लागते.

सगळे प्रयोग काही सुफळ झाले नाहीत. पहिल्या जाळ्या त्यांनी सायकलच्या स्पोकच्या केल्या होत्या. ते स्पोक तापून शेवयांसारखे वाकले आणि एका घरची वरणाची गंजी, अख्खं पातेलं, जाळात बसली. वरच्या मोहल्ल्यातल्या लग्नात त्यांनी आचाऱ्याची भट्टी, तो पाणी प्यायला गेला तेवढ्यात, मोडून नव्यानं रचली. वरात दारात आली तेव्हा भात कच्चा होता आणि आचारी हातात झारा घेऊन काकाजींना शोधत होता. काकाजी मांडवामागं लपले होते. तिथूनच ओरडून सांगत होते, "थोडा दम धर बापा, हवा पकडून राहिली!"

आमच्या घरी तर त्याहून वाईट झालं. त्यांनी आमच्या चुलीला नाक बसवलं आणि ते इतकं उत्तम चाललं की सासूबाई गाईला चारा टाकून येईपर्यंत भात खालून काळा ठिक्कर. सासूबाईंनी चिमट्यानं जाळी उपटली आणि मागच्या वाडीत भिरकावली. "माही चूल बिननाकाचीच बरी! पुन्हा हात लावसान तं पायजा!" घरात गॅस आहे. पण गॅसवरच्या भाताला चव नसते यावर सासूबाई ठाम आहेत, आणि आंघोळीच्या पाण्यासाठी सिलिंडर जाळणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. त्यामुळं आमची चूल सकाळ-संध्याकाळ पेटायची आणि मनसोक्त धूर काढायची.

एवढं सगळं करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरी मात्र चूल नाही. कधीच काढून टाकली. गॅसवर एकट्यापुरता भात टाकायचे आणि ओट्यावर बसून जेवायचे. एकट्यापुरता, कारण त्यांची बायको, पारबताकाकी, आदल्या हिवाळ्यापासून लेकीकडं भंडाऱ्याला होती.

काकी म्हणजे वाऱ्यानं उडेल एवढी बाई, पण हसायला लागली की तीन घरं ऐकतील. हसता हसता खोकायची. संध्याकाळ झाली की आपल्या खोलीची खिडकी घट्ट लावून घ्यायची. "थंडी बाधते वो मले," म्हणायची. गेली तेव्हा सांगून गेली की धान निघालं की येईन. धान निघालं. उन्हाळी धानही निघालं. ती काही आली नाही. गल्लीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, भांडण झालं. कुणी म्हणे, काय सांगावं, म्हाताऱ्याच्या चुलींना कंटाळून गेली असेल. काकाजींना विचारलं की ते आभाळाकडं बघून म्हणत, "येते ना. आता येते."

आणि दिवसेंदिवस त्यांचं खूळ वाढत चाललं. स्पोक वाकले म्हणून त्यांनी स्वतःच्या घराच्या खिडक्यांचे गज काढायला सुरुवात केली. आज एका खिडकीचे गज एका चुलीत, उद्या दुसऱ्या खिडकीचे दुसऱ्या चुलीत. घराच्या खिडक्या दात पडलेल्या तोंडासारख्या दिसायला लागल्या. मांजर आत शिरून दूध पिऊन जाऊ लागलं. मी म्हटलं, "काकाजी, चोर येईल ना जी." ते म्हणाले, "येऊ दे. हवाबी येते ना."

संध्याकाळी ते ओट्यावर बसून फोनवर बोलायचे. एकदा मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता ऐकलं. "हो. आज गल्लीच्या टोकाच्या घरचा धूर पांढरा होता... पातळ, निस्ता पातळ... सरळ वर गेला अन् तळ्याकडं वळला. बगळे चालले होते ना, त्यायच्या मांगं मांगं गेला." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. काकाजींनी आमच्या छपराकडं पाहिलं. मग म्हणाले, "नाही. तो अजून तसाच हाये." कुणी फोनवर पावसापाण्याचं बोलतं, हे धुराचं बोलतात, असं म्हणून मी हसून घेतलं.

पुन्हा थंडी पडली. हिवाळ्यात आमच्याकडं धूर वर जात नाही. तो गल्लीत खाली बसतो, रवंथ करणाऱ्या गाईसारखा, आणि उठायचं नाव घेत नाही. अशाच एका दुपारी काकाजी आमच्या आंगणात येऊन उभे राहिले. "सूनबाई, सासूबाईले समजवा ना जी. आता एकच चूल राहिली."

मला जरा रागच आला. म्हटलं, "काकाजी, तुमच्या घरी गॅस हाये. लोकायच्या चुलीत कायले नाक खुपसून राहिले जी तुमी?"

त्यांनी बोट दाखवलं. आमच्या चुलीवरच्या छपराच्या अगदी समोर, हातभर अंतरावर, त्यांच्या घराची एक खिडकी होती. घरातली तेवढीच एक खिडकी, जिचे गज शाबूत होते.

"पारबता त्या खिडकीखाली झोपते," काकाजी म्हणाले. झोपायची असं म्हणाले नाहीत. "डॉक्टर म्हने, छाती खराब झाली हाये. धुरात ठेवसान तं पुढचा हिवाळा नाही निघत. माह्या घरची चूल मी काढून टाकली. पन धूर का घर पाहून येते?"

मी म्हटलं, "मंग सांगतलं काहून नाही? आमी चूलच नसती पेटवली!"

"म्हनूनच नाही सांगतलं. तिनं किरिया घातली मले. म्हने, माह्या खोकल्यापायी कोनाची चूल इझवाची नाही. कोनाच्या घरी थंडा भात नोको माह्या नावानं." ते आमच्या छपराकडं पाहत राहिले. "मंग मी म्हटलं, चूल नाही इझवत. धूर इझवतो."

काकीची शपथ काकाजींना होती, मला नव्हती. मी सरळ आत जाऊन सासूबाईंना सगळं सांगितलं.

सासूबाईंनी हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग त्यांचा पारा चढला, पण काकाजींवर नाही. "एका विहिरीवर पानी भरलं आमी! बाळंतपनात माह्या उशाशी बसली ते! अन् माह्याच धुरानं तिचा दम कोंडते, हे मलेच नाही सांगतलं? एवढी परकी झाली मी?" बोलता बोलता त्यांनी कुदळ घेतली आणि आपली चूल, जिला कुणाला हात लावू देत नव्हत्या, ती स्वतःच्या हातानं फोडली. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

तळ्याची माती आणली, भुसा घालून मळली, आणि सासूबाई नवी चूल घालायला बसल्या. काकाजींनी शेवटच्या खिडकीचे गज काढून आणले. मग दोघांची जी जुंपली ती जुंपली. "तोंड लहान ठेवा वहिनी." "चूल तुमी घालून राहिले का मी?" "गज थोडा खाली..." "नाक तुमचं, पन चूल माही हाये भाऊजी! गप बसा!" आणि काकाजी गप बसत नव्हते.

चूल वाळली. सासूबाईंनी हळदीकुंकू वाहून जाळ घातला. बारीक फोडलेली लाकडं, थोडीच. आधी जरा धूर आला, काकाजींनी बोट वर केलं, "आयका," आणि चूल फुरफुरायला लागली. खालून हवा ओढून, एकसारखी, झोपेत कुणी सुखानं श्वास घ्यावा तशी. मी धावत बाहेर जाऊन छपराकडं पाहिलं. कवेलूंवर नुसती हवा थरथरत होती.

"फुरफुरली," सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडं चूल फुरफुरली की पाहुणा येतो म्हणतात. काकाजी तोवर फोन घेऊन ओट्याकडं निघालेही होते. काकीला धुराचं काही न सांगता एवढंच म्हणाले, "आता ये."

काकी आली ती दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला. ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला. काकाजी सकाळपासून धुतलेलं धोतर नेसून उभे होते. त्यांनी पिशवी घेतली. काकी खाली उतरली, पदर सारखा केला आणि सवयीनं छपरांकडं पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं.  पदर तोंडाशी नेत तिनं विचारलं, "कोन गेलं जी?"

आम्हाला कुणालाच समजेना. काकाजी म्हणाले, "कोन? कोनी नाही."

"खोटं नोका बोलू. साऱ्या गल्लीत एकबी चूल नाही पेटली. कोनाच्या घरी झालं, सांगा ना."

तेव्हा लक्षात आलं. गल्लीत कुणी गेलं, की मयत उठेपर्यंत आमच्याकडं कुणाच्याच घरी चूल पेटत नाही. जन्मभर तिनं बिनधुराची संध्याकाळ पाहिली होती ती फक्त अशाच दिवशी. वर्षभर काकाजींनी ही संध्याकाळ तयार केली, आणि ती पाहून काकीला पहिली आठवण कुणाच्या तरी मरणाची झाली.

 काकाजींनी भर गल्लीत तिचा हात धरला. त्यांच्या वयाची माणसं आमच्या गावात असं करत नाहीत. हात धरून तिला आमच्या आंगणातून आत आणलं आणि चुलीपुढं पाटावर बसवलं. चूल फुरफुरत होती. भाताला कढ आला होता.

काकी बघत राहिली. चुलीकडं, मग वर छपराकडं, मग पुन्हा चुलीकडं. "पेटली तं हाये," ती म्हणाली. "मंग धूर कुटी गेला?"

"तुह्या नवऱ्याले इचार," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड फिरवून उगाच भातात पळी फिरवली.

काकीनं भीत भीत एक लांब श्वास घेतला. आम्ही सगळे खोकल्याची वाट पाहत थांबलो. खोकला आला नाही. तिनं आणखी एक श्वास घेतला, आणि मग हसली, आधी हळू, मग तिचं ते तीन घरं ऐकतील असं.

लाकडं जळत मागं आली होती. जाळ उतरला होता. "भाऊजी, लाकूड सारा जी, जाळ बसून राहिला," सासूबाई म्हणाल्या. एरवी काकाजींनी झेप घेतली असती. पण ते चुलीपुढं बसले होते आणि चुलीकडं पाहतच नव्हते. काकीच्या पदराखाली श्वास वरखाली होत होता, तेवढंच ते पाहत होते.

शेवटी लाकूड मीच सारलं.