नसावीच्या बाजूने

“जकातीवर बोलायचंय ना? मग तयारी कसली, मास्तर! मला झोपेतून उठवा आणि बोलायला लावा. बावीस वर्षं दुसरं केलंय काय मी?”

तोतारामनाना हे ऐटीत म्हणाले खरे, पण म्हणताना ते मिरचीच्या पोत्याला टेकून उभे होते, कारण नाक्यावर बसायला काही नव्हतं. धुळ्याहून पश्चिमेला पिंपळनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. नाव सांगत नाही. तिथली म्युनिसिपालिटी आता कुठे शांत झाली आहे. गावात माल आणणाऱ्या प्रत्येक गाडीला नानांच्या आडव्या बांबूसमोर थांबावं लागे. नाना पोत्यात परखीची टोकदार नळी खुपसून माल बघत, जकात घेत, पावती फाडत, बांबू वर करत आणि पुन्हा खाली करत. वर, खाली. वर, खाली. बावीस वर्षांत बांबू तीनदा बदलला, नाना तेच राहिले! बसलेला नाकेदार झोपतो, असं कुठल्याशा जुन्या अध्यक्षाच्या मनात आलं आणि त्याने नाक्यावरचं बाकडं उचलून नेलं. अध्यक्ष गेला, बाकडं काही परत आलं नाही. नानांचे गुडघे आता पायऱ्या बघूनच कुरकुरू लागत.

म्हणून नानांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. कचेरीतला जुना कारकून एक तारखेला निवृत्त होणार होता आणि त्याची वेताची खुर्ची रिकामी होणार होती. ती कोणाला द्यायची, हे म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांच्या, म्हणजे रावसाहेबांच्या हातात होतं. आणि वाचनालयाचे चिटणीस धनसिंग मास्तर आज जे हस्तपत्रक घेऊन आले होते, त्यावर ठळक छापलं होतं: ‘जाहीर वादविवाद! जकात असावी की नसावी? अध्यक्ष: रावसाहेब.’

खुर्ची देणारा माणूस समोर बसणार, आणि विषय जकात! नानांना वाटलं, देव थकल्या माणसाकडे कधीतरी बघतोच.

चार संध्याकाळी बसून नानांनी ‘जकात असावी’ यावर आठ पानं लिहिली. त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई अंगणात शेजारच्या ताईबाईबरोबर उडदाचे पापड लाटत होत्या. नानांनी दोघींना आठही पानं वाचून दाखवली.

“कळलं. असावी,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “आता सरका, तुमची सावली पापडांवर पडतेय.”

रविवारी संध्याकाळी पाचला वाचनालयाचं आवार भरून गेलं. साल एकतीसचं, सभा म्हटली की माणसं जेवण सोडून येत. पुढे खादीच्या टोप्या, डावीकडे बायका, आणि कुंपणाला टेकून आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी. हस्तपत्रक बाजारात वाटलं गेलं होतं, आणि जकात म्हटल्यावर गाडीवान येणार नाही तर कोण येणार! नाना कोट घालून, आठ पानं खिशात ठेवून पोहोचले, तेवढ्यात मास्तरांनी त्यांना कोपऱ्यात घेतलं.

“नाना, तुम्ही नसावीच्या बाजूने.”

“काय?”

“असावीच्या बाजूने वकीलसाहेब आहेत. तुम्ही नसावी.”

“अहो, मी नाकेदार आहे! जकात नसावी म्हणालो तर उद्या मी कुठे नसावा?”

“ही ती जकात नाही हो!” मास्तर कळवळले. “ही बंदरावरची. विलायतेचं कापड येतं, जावाची साखर येते, त्यावर सरकारने जकात लावावी की व्यापार खुला सोडावा, असा विषय आहे. छापखान्यात कागद पुरला नाही, म्हणून ‘परदेशी मालावर’ एवढं गाळलं.”

“मग खुल्या व्यापाराला दुसरा कोणी बघा!”

“सात जणांना विचारलं. या दिवसांत परदेशी मालाची बाजू घ्यायला कोण उभा राहतो? दगड बसतील! तुम्हाला कोणी दगड मारणार नाही, नाना. तुम्हाला लोक बावीस वर्षं शिव्या देताहेत, त्यांचं समाधान झालेलं आहे.”

नाना माघारी वळणार होते. पण रावसाहेब खुर्चीत बसले होते, आणि त्यांनी नानांकडे बघून मान हलवली. आणि नानांना आठवलं की रावसाहेबांच्या पेढीवर जावाचीच साखर विकली जाते. नाना मुकाट्याने जाऊन बसले.

वकीलसाहेब जोरात बोलले. लँकेशायरच्या कापडाने आपले साळी देशोधडीला लागले. जावाच्या साखरेने उद्या आपली गुऱ्हाळं थंड पडतील. रोपटं लहान असताना त्याला काट्यांचं कुंपण लागतं, तशी देशी धंद्याला जकात लागते! टाळ्यांवर टाळ्या.

मग नाना उठले. आठ पानं खिशात होती आणि त्यांतलं एकही कामाचं नव्हतं. घरचं काहीतरी सांगावं म्हणून ते म्हणाले, “आता आमच्या घरचंच बघा. आमच्या घरातून पापडही करतात आणि शेवयाही करतात. पण शेवया अशा, की गावात तोड नाही. शेजारच्या ताईबाईंचे पापड चांगले. मग आमच्या घराने पापडासाठी कंबर का मोडून घ्यावी? आम्ही शेवया द्याव्या, त्यांचे पापड घ्यावे. मधे कुंपणावर जकात बसवली, तर घरचे वाईट पापड खाणार कोण? मीच ना?”

आवारात हशा पिकला. डावीकडे मात्र कोणीतरी पदर खोचला.

हशा ऐकून नानांना बळ आलं, आणि मग जे आलं ते त्यांनाही ठाऊक नसलेलं आलं. “बावीस वर्षं मी एक बांबू सांभाळतोय,” ते म्हणाले. “बांबू खाली झाला की बैल उन्हात उभे राहतात. भाजी सुकते. माणसं माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघतो. बावीस वर्षांत त्या बांबूने एक दाणा पिकवला नाही, एक हात कापड विणलं नाही. नुसतं सगळ्यांना थांबवलं. मलासुद्धा! मंडळी, मी थकलो. ज्याला जे चांगलं येतं ते त्याने करावं, आणि माल येऊ द्यावा, जाऊ द्यावा. जकात नसावी!”

मग कुंपणापाशी जो गलका उठला, तो खादीच्या टोप्यांनाही आवरेना. हात वर करून मतं घेतली, तर नसावी जिंकली! वकीलसाहेब पुन्हा मोजा म्हणाले. रावसाहेबांनी स्वतः नानांची पाठ थोपटली.

“तोताराम, असा माणूस नाक्यावर काय करतोय? खुर्चीचं बघू.”

नाना घरी आले ते तरंगत. दारातच खाली आले.

“वाईट पापड?” प्रमिलाबाईंनी विचारलं.

“अगं, ते उदाहरणादाखल...”

“पाचशे लोकांत? ताईबाई माझ्याकडे बघून हसली! उद्यापासून तुमची भाकरही तिच्याकडूनच आयात करा!”

सकाळी नाना डब्याशिवायच नाक्यावर गेले, आणि लांबूनच त्यांना रस्ता दिसेनासा झाला. गाड्या! नजर पोहोचेल तिथवर गाड्या. आडवाटेने शेजारच्या बाजाराला जाणारेसुद्धा आज इकडे वळले होते. सगळ्यांत पुढे गुळाची गाडी घेऊन उखर्डू, त्याच्या मागे मिरचीची पोती घेऊन पुना. पुनाने येताना बैलांच्या शिंगांना गुलालही लावला होता.

“नाना, बांबू उचला!” उखर्डू ओरडला. “जकात उठनी!”

“कोणी सांगितलं?”

“तुम्हीनच सांगं ना! काल सभामा. मी सोता आयकं!”

“अरे बाबा, ती जकात वेगळी. ती बंदरावरची.”

उखर्डूने पुनाकडे पाहिलं, पुनाने उखर्डूकडे. “बंदरवर?” उखर्डू म्हणाला. “माकडेसवर बी जकात लागस का? आमना मळामा त बठ्ठा बंदरच शेतस. त्यासनी जकात कोन भरी?”

“बंदर म्हणजे माकड नव्हे रे! बंदर म्हणजे समुद्र!”

“समुद्रवर जकात?” पुना म्हणाला. “नाना, घरमा काही भांडन व्हयनं का?”

मागून आरडाओरडा सुरू झाला. बैल हंबरू लागले. दोघा-चौघांनी बांबूला हात घातला. नानांच्या पोटात अन्न नव्हतं. बांबू आज वर गेला की खुर्ची गेली, खुर्चीबरोबर नोकरी गेली, आणि घरी तर आधीच सगळं बंद होतं. घाम पुसायला त्यांनी खिशात हात घातला, तर रुमालाऐवजी ती आठ पानं हाताला लागली.

‘जकात असावी’!

नाना गुळाच्या गाडीच्या जूवर कसेबसे चढले आणि वाचू लागले. पहिल्या पानाला कोणी भीक घातली नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या पानावर नानांनी मान वर केली आणि त्यांना रांगेतली पाचवी गाडी दिसली. ती गाडी नव्हतीच. ती मोटारलॉरी होती, धुळ्याच्या स्टेशनवरून आलेली, वरपर्यंत पांढऱ्या गोण्यांनी भरलेली. नानांनी कागद सोडून दिले.

“उखर्डू, मागे बघ! ती काय आहे?”

“लारी शे.”

“तीत जावाची साखर आहे. तुझ्या गुळापेक्षा स्वस्त, आणि पांढरीफेक! बांबू वर केला, की तुझ्या गाडीमागून तीही फुकट आत येणार. मग बाजारात तुझा गूळ कोण घेईल?”

उखर्डूने लॉरीकडे पाहिलं. गुळाकडे पाहिलं. पुन्हा लॉरीकडे पाहिलं. आणि धावत येऊन तो बांबूला लोंबकळला.

“खाले करा! बांबू खाले करा रे!”

नानांनी सुटकेचा निःश्वास टाकला; तो त्यांनी अर्ध्यावरच परत घेतला. कारण आता उखर्डू म्हणाला, जकात साखरेवर दुप्पट घ्या, गुळावर नको! पुना म्हणाला, “नाना, मना मांगला हाऊ मिरचीवाला लांबून येल शे, त्यानावर ल्या, मनावर नको!” तो मागचा मिरचीवाला आणखी मागच्याकडे बोट दाखवू लागला. बघता बघता जकातीचा मुद्दा मैलभर मागे पसरला. प्रत्येकाला जकात हवी होती, फक्त ती आपल्या मागच्या गाडीवर हवी होती! वकीलसाहेबांना जे तासाभरात पटवता आलं नव्हतं, ते सगळ्यांना पटलं होतं, आणि नानांना जे पटलं होतं ते कोणालाच नको होतं.

दोन गाडीवानांत हातघाई जुंपली. मिरचीचं एक पोतं फुटलं. माणसं, बैल, नाना, सगळे मिळून शिंकू लागले.

“बास!” नाना ओरडले, शिंकले, आणि पुन्हा ओरडले. “सगळ्यांना सारखी! काल होती तीच! पटत असेल तर रांगेत उभे राहा, नाहीतर जावाला जा!”

आवाज इतका थकलेला होता की माणसं खरंच गप्प झाली. एकेक जण पुढे आला. पाचवी आली लॉरी, आणि तिच्या ड्रायव्हरच्या शेजारी नाकाला रुमाल लावून बसले होते खुद्द रावसाहेब! साखर त्यांचीच होती. तास झाला, ते त्या शिंकांत बसून सगळं ऐकत होते.

नानांच्या डोळ्यांपुढून खुर्ची चारी पायांनी चालत गेली. पण सगळे गाडीवान बघत होते. नानांनी परखी उचलली, गोणीत खुपसली, आणि रावसाहेबांकडे न बघता म्हणाले, “जावाची साखर. जकात.”

रावसाहेबही सगळे बघत आहेत हे बघत होते. त्यांनी जकात भरली, पावती घेतली आणि मोठ्याने म्हणाले, “शाबास, तोताराम!” बांबू वर गेला. लॉरी आत गेली. बांबू खाली आला.

एक तारखेला दुपारी शिपाई हुकूम घेऊन नाक्यावर आला. उखर्डूची गाडी नुकतीच थांबली होती. त्याच्या गुळाच्या ढेपेवर क्षणभर टेकून नानांनी तो वाचला.

‘नाकेदार तोताराम हे जकात असावी व नसावी या दोन्ही बाजू सारख्याच समर्थपणे मांडू शकतात, असे अध्यक्षांच्या प्रत्यक्ष पाहण्यात आले आहे. असा इसम कचेरीत बसवून ठेवणे म्हणजे गावाचे नुकसान होय. सबब त्यांना नाक्यावरच कायम करण्यात येत आहे. त्यांनी दर सोमवारी गाडीवानांस जकातीविषयी एक व्याख्यान द्यावे. व्याख्यान उभ्याने द्यावे.’

“काय लिखेल शे, नाना?” उखर्डूने विचारलं.

“शाबासकी आहे,” नाना म्हणाले, आणि गुडघ्यांवर हात देऊन उठले.