रघूभाऊंचं उंच स्टूल

रघूभाऊ कुणाला रागवायला निघाले, की दोन हातांत दोन स्टुलं घेऊन निघतात. एक उंच, एक बुटकं. ‘भाऊंनी स्टुलं उचलली’ एवढी बातमी पसरली, की ज्याचं काहीच चुकलेलं नाही तोसुद्धा आपलं काय चुकलं असेल ते आठवू लागतो.

चुकलेल्या माणसाला उंच स्टुलावर बसवायचं, आपण बुटक्यावर बसायचं आणि मान वर करून विचारायचं, “आता सांगा, मी कुटं कमी पडलो?” झालं, एवढंच त्यांचं रागावणं.

कामशेतहून पवनानगरकडे जाताना गुलाबांची पॉलिहाउसं दिसतात, त्यांतलं एक आमचं. भाऊ तिथल्या पॅकिंग हॉलचे सुपरवायझर, आणि मी मॅनेजर. पुण्याहून येणारा, मॅनेजमेंटचा कोर्स वगैरे केलेला. त्या कोर्सात स्टूल नव्हतं. टेम्पोवाल्या मारुतीनं एकदा चहाच्या नादात फुलं उन्हात ठेवली, तेव्हा मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. वर मारुती अवघडून बसलेला आणि खाली भाऊ, जणू त्याच्या पायातला काटा काढताहेत. शेवटी मारुतीच कळवळून म्हणाला, “भाऊ, दोन शिव्या हाना, पन हे इचारू नका.”

“त्याला वर कशाला बसवता?” मी नंतर विचारलं.

“चुकलेला मानूस आदीच खाली गेलेला असतोय, सायेब. अजून कुटं खाली घालायचा त्याला?”

कौतुकाची तऱ्हा याच्या उलट. ते उभ्यानं, आणि पार शेवटच्या पॉलिहाउसात ऐकू जाईल अशा आवाजात. “हिराबाईची जुडी बगा समद्यांनी. एक पान वाकडं न्हाई.” मग हिराबाई लाजून लाल होत आणि पुढचा अर्धा तास त्यांच्या सगळ्या जुड्या वाकड्या होत.

हा सगळा वेळेचा खेळखंडोबा आहे, असं माझं पक्कं मत होतं. ते फेब्रुवारीपर्यंत टिकलं.

फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेच्या गुलाबांपायी आम्हाला जेवायला फुरसत नसते. त्यातच एका सकाळी दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन आला. मागवले होते साठ सेंटिमीटर देठाचे गुलाब, पोचले पन्नासचे. मी तडक हॉलमध्ये गेलो आणि दिल्लीचा माल बांधणाऱ्या हिराबाईंना सगळ्या बायकांसमोर तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी हातमोजे काढले, नीट घडी करून टेबलावर ठेवले आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्यांच्या वाडीतल्या चौघीजणीही आल्या नाहीत, आणि त्या पाचजणींशिवाय माल वेळेत निघणं शक्य नव्हतं.

भाऊंनी मला ऑर्डरच्या फळ्यापाशी नेलं. दिल्लीपुढे माझ्याच हातानं पन्नास लिहिलेलं होतं.

“अक्षर ब्येस हाय तुमचं,” भाऊ म्हणाले आणि त्यांनी स्टुलं उचलली.

मी गाडीची किल्ली काढली, तर म्हणाले, “माफी मागाया जाताना गाडीतनं उतरायचं नस्तंय.” म्हणून आम्ही माणशी भाड्याच्या वडाप जीपनं गेलो, स्टुलं टपावर बांधून.

हिराबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. भाऊंनी दोन्ही स्टुलं मांडली आणि आंब्याचा मोहोर बघायच्या निमित्तानं ते परड्यात सटकले. हिराबाई वर बसल्या, मी खाली. माझे गुडघे हनुवटीला लागत होते.

“फळ्यावर मीच चुकीचं लिहिलं होतं,” मी म्हणालो.

“ते मला तवाच ठावं व्हतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी उबं व्हता. उब्या मान्साला काय सांगायचं?”

मला फार लाज वाटली. हिराबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि बसल्या जागी स्टूल चाचपलं.

“हे भाऊंनी कुनासाटी केलं, ठावं हाय? त्यांच्या पोरासाटी. त्याची नोकरी सुटली, तवा भाऊंनी त्याला जीप स्टँडवर चारचौघांत लय झापलं. तवापासनं पोरगा पुन्यात ऱ्हातोय. सनाला येतो, आईच्या हातात पिशवी देतो आन् उब्याउब्या जातो. भाऊ बस म्हनत्यात, पन बसत न्हाई.”

परड्यात भाऊ मान वर करून मोहोर बघत होते. मारुतीपासून सगळ्यांना विचारून झालेला तो प्रश्न खरा कुणाला विचारायचा होता, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी पाचहीजणी आल्या. हंगाम चांगला गेला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ पहिल्यांदाच उशिरा आले. हातात फक्त बुटकं स्टूल.

“उंच कुठंय?” मी विचारलं.

“घरी ठिवलं. काल पोरगं बसलं त्याच्यावर. परत आलं तर उबं ऱ्हायला नको.”

“मग आता आमच्यातलं कुणी चुकलं तर?”

“तुमची फिरती खुर्ची हाय की.”

मी तेव्हाच ती केबिनमधून ढकलत हॉलमध्ये आणून ठेवली. मग हळूच विचारलं, “पोराला विचारलंत का, कुठं कमी पडलो म्हणून?”

भाऊ ओशाळले. बुटकं स्टूल पुसत राहिले.

“इतक्या वर्सांचा सराव, सायेब, आन् ऐन येळंला तोंडातनं निगालं, च्यात साखर कमी पडली का.”

“मग?”

“म्हनला, न्हाई आबा. बराबर हाय.”