धुराला शिस्त लावणारे हवालदार

हवालदारांबद्दल लिहायचं मी आजवर टाळत आलो. माधवनगरच्या आमच्या जुन्या गल्लीतलं कुणी भेटलं की त्यांचे किस्से निघायचे, सगळे पोट धरून हसायचे आणि कुणीतरी म्हणायचं, "मास्तर, तुम्ही तर त्यांचे भिंतीला भिंत लावून शेजारी. तुम्हीच लिहा." मी चहा मागवायचो आणि विषय बदलायचो. आता हसणारेही फारसे उरले नाहीत. म्हणून लिहितो.

तर आमचे हवालदार धुराला हुकूम सोडायचे. चुलीपुढे उकिडवे बसायचे, मिशीला पीळ द्यायचे आणि ओरडायचे, "खाली मुंडी!" धूर अर्थातच वर जायचा. मग ते माझ्याकडे वळून म्हणायचे, "शिस्त न्हाई मास्तर. धुराला शिस्तच न्हाई."

मूळचे उंब्रजचे. फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत हवालदार होते. सुटून आल्यावर आमच्या इथल्या कापडाच्या मिलमध्ये दुरुस्ती खात्यात लागले. मिलमध्ये कापसाची धूळ जमिनीतल्या जाळीतून खाली ओढणारे पंखे होते. ते पंखे हवालदारांच्या डोक्यात शिरले आणि तिथेच फिरत राहिले.

"कापूस खाली जातो, मग धूर का न्हाई जायाचा?"

"गरम हवा वर जाते, हवालदार," मी शाळेतलं विज्ञान काढलं.

"तिला कुनी दुसरी वाट दावलीया का कवा?"

ती वाट दाखवायची म्हणून त्यांनी आधी ओटा बांधला. सत्तर सालानंतरची ही गोष्ट. आमच्या गल्लीत बायका अजून जमिनीवर बसून स्वयंपाक करत, त्यामुळे नुसता ओटा बघायलाही गर्दी झाली. ओट्याच्या फरशीत भोक पाडून त्यात रॉकेलचा स्टोव्ह काठापर्यंत बुडवायचा, शेजारी लोखंडी जाळी, जाळीखाली मिलच्या भंगारातला पंखा, आणि पंख्यापासून जमिनीखालून पाइप. पहिल्या दोन फरश्या फुटल्या. तिसरीचं भोक इतकं मोठं झालं की स्टोव्ह आत पडला. पाइपाचं तोंड माझ्या परसात काढायचं ठरलं. मी हसत परवानगी दिली. हे चालेल असं मला वाटलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी पंखा सुरू केला तर ज्योत आडवी झाली आणि विझली. दुसऱ्यांदा फोडणीतला कढीपत्ता आत गेला. तिसऱ्यांदा हवालदारांच्या गळ्यातल्या पंच्याचं टोक जाळीत ओढलं गेलं आणि हवालदार ओट्याला छाती लावून अडकले. आम्ही वायर उपटायला धावलो, आणि हा माणूस तसाच वाकून ओरडतोय, "वढ चांगली हाय! लय चांगली हाय!"

मग त्यांनी पंख्याच्या वायरीत एक दिवा घातला. त्यामुळे पंखा हळू झाला आणि धूर खरोखरच मुंडी खाली घालून जाळीत जाऊ लागला. मी तो डोळ्यांनी पाहिला. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्यांनी एकच गोष्ट शिकवली, "दिवा लागला म्हंजे धूर चालला. दिवा बगायचा, दुसरं काय बगायचं न्हाई."

गल्ली हसली. हा खटाटोप कशासाठी, ते मात्र भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं. वहिनींना दमा होता.

आमच्या भागात उन्हाळ्यात वर्षाची चटणी करतात. मिरची भाजायची, कांदा-लसूण, खोबरं, मसाला घालून कुटायची. मिरचीचा खकाणा असा उठतो की गल्ली खोकते, म्हणून भाजण्याआधी शेजारी सांगून यायचं, ही रीत. वहिनींना ते कधीच जमलं नाही. दरवर्षी उंब्रजहून जाऊबाई चटणी पाठवायच्या आणि बरोबर निरोप, "आमच्या घरच्या राणीला सांगा, जपून वापर म्हणावं." वहिनी ते हसून सांगायच्या. हवालदार हसायचे नाहीत.

त्या वैशाखात माझ्या बहिणीला, कुसुमला, बघायला वाईहून माणसं आली. भिक्षुकी घराणं, सोवळं कडक. परसाकडच्या पडवीत त्यांना पोहे दिले आणि त्याच वेळी हवालदारांनी रविवारचे सुके बोंबील भाजायला घेतले. धूर शिस्तीत खाली गेला आणि शिस्तीत आमच्या पडवीत आला. पाहुण्यांनी नाकाला उपरणं लावलं. पोहे तसेच राहिले.

मी हवालदारांच्या दारात जाऊन वाटेल ते बोललो. ते खाली मान घालून उभे. "चुकलं गड्या. आठ दिस दम धरा. पाइप वर उचलून छपराच्या बी वर काडतो."

चार दिवसांनी वाईचा नकार आला. मी परसात गेलो, एक जुनं गोणपाट घेतलं आणि पाइपाच्या तोंडात काठीने आतपर्यंत कोंबलं. हात झटकत वळतो तर दारात वहिनी. नवं लुगडं नेसलेल्या.

"भावजी, आज मिरची भाजनार हाय. दारं लावून घ्या."

मी पाइपाच्या तोंडापुढे सरकलो.

"पयल्यांदा हुतीया बगा माज्या घरात," त्या म्हणाल्या. "आता जाऊबाईंस्नी मीच धाडीन."

"बरं," मी म्हणालो. आणि दारं लावून घेतली.

हवालदाराला जरा ठसका लागू दे, एवढंच माझ्या मनात होतं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण हवालदार घरात आहेत की नाहीत, हेही मी पाहिलं नव्हतं. ते नव्हते. पलीकडे खोकला सुरू झाला. थांबेल म्हणून मी ऐकत राहिलो. तो थांबला, तेव्हा भांडं पडल्याचा आवाज आला.

मी धावलो. आधी परसात धावलो. गोणपाट उपसलं, कोळशाच्या पोत्यामागे टाकलं, आणि मग त्यांचं दार ढकललं. वहिनी ओट्याखाली पडल्या होत्या. वर दिवा लागलेला होता.

त्यांना उचलून मी बाहेर आणतोय, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हवालदार दिसले. सायकल हातात, आणि सायकलीला आडवा बांधलेला नवा लांब पाइप. माझ्या पडवीसाठी आणायला सांगलीला गेले होते.

मिरजेच्या दवाखान्यातून वहिनी परत आल्या, पण चुलीपुढे पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. हवालदारांनी ओटा स्वतः पहारीने फोडला. मी बघत होतो. "माजंच चुकलं मास्तर. दिव्यावर भरवसा ठेवाय लावला तिला," म्हणाले. त्यानंतर त्यांनी कशालाच हुकूम सोडला नाही. कुसुमचं पुढच्याच वर्षी कऱ्हाडला चांगल्या घरी लग्न झालं.

आणि दर उन्हाळ्यात हवालदार उंब्रजच्या रानात, वहिनींना वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब बसवून, स्वतः मिरची भाजायचे. पहिला डबा माझ्या घरी. "तुमी धावला म्हनून वाचली. पयला मान तुमचा." मी ती चटणी वर्षानुवर्षं खाल्ली.

पुढे ते उंब्रजलाच राहायला गेले. तिथे आजारी पडले तेव्हा मी मुद्दाम गेलो. खाटेजवळ बसून म्हणालो, "हवालदार, तुमचं ते यंत्र..."

त्यांनी हात वर केला. "त्येचं नाव नगा काडू गड्या, लाज वाटती. आगं, मास्तरांस्नी डबा दे."

वहिनींनी डबा दिला, मी घेतला. त्यानंतर हवालदार मला भेटले नाहीत. डबा मांडीवर ठेवून मी एसटीत बसलो आणि सांगलीपर्यंत, खिडकीकडे तोंड करून, तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो: हवालदार, तुमचा धूर खाली जात होता. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. वाट मी बुजवली होती.