ढवळीचा चीक आणि सासूबाईंचं लुगडं

ढवळीच्या वासराचं अंग सुकायच्या आत त्याच्या पोटात चीक जाणार, आणि तो आपणच पाजणार, असं दर्शनाने महिनाभर आधीच छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. गेल्या साली ढवळीचं वासरू हगवणीने गेलं. तेव्हापासून पेणच्या कॉलेजात शिकलेल्या या सुनेने मिळेल ते वाचून काढलं होतं. त्यात पदरात सहा महिन्यांची लेक. गल्लीतलं मांजर शिंकलं तरी दर्शना पुस्तक उघडून बसे!

पण निडी गावातल्या त्या घरात कायदा चाले सासूबाईंचा, धोंडुबाईंचा. गाय व्याली की जार, म्हणजे वार, पडेपर्यंत आचळाला ना माणसाचा हात, ना वासराचं तोंड. वासरू खुंट्याला.

ढवळी व्याली आणि वासरू खुंट्याला बांधलं गेलं, तेव्हा दर्शनाने पुन्हा समजावलं, की रोगाशी लढायची ताकद वासराला चिकातूनच मिळते; ती आत घेणारी आतड्याची दारं काही तासांत मिटतात.

"आतड्याला दारं?" धोंडुबाई म्हणाल्या. "आणि कडी कोण लावतो गो?"

आणि त्या नातीला झोपवायला आत गेल्या.

दर्शनाने लेकीची बाटली उकळायला ठेवली आणि कळशी घेऊन गोठ्यात शिरली. ढवळीने पहिल्याच लाथेत कळशी दारात पोचवली. धोंडुबाईंशिवाय तिला कुणी चालतच नसे. मग दर्शनाने दोरीवरचं सासूबाईंचं हिरवं लुगडं साडीवरूनच गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला. ढवळीने हुंगलं, उसासा टाकला आणि पान्हा सोडला. पिवळाधमक, दाट चीक!

नेमक्या तेव्हाच शेजारच्या सगुणाकाकू कुडावरून डोकावल्या. हिरवं लुगडं, पाठमोरी बाई, धार चालू. म्हणजे धोंडुबाई बसल्यात. म्हणजे जार पडला. म्हणजे खरवस! दर्शना बाटली आणायला चुलीकडे वळते तोवर अख्खी आळी टोप घेऊन अंगणात हजर. पहिला चीक शेजारी वाटायची रीतच होती. धोंडुबाईंना तसदी नको म्हणून सगुणाकाकूंनी वाटप स्वतःच उरकलं. दर्शना परतली तेव्हा कळशीत फक्त फेस!

दुसरी रडली असती. दर्शनाने पदर खोचला आणि दारोदार निघाली. दिलेला चीक परत मागणारी सून आळीने पहिल्यांदाच पाहिली, तीही सासूच्या लुगड्यात. एकीने त्यात गूळ ढवळला होता, दुसरीने वेलचीसुद्धा. सगुणाकाकूंनी तर तो वाफेवर चढवला होता. त्यांनी खरवस होईपर्यंत बसायचा आग्रह केला.

रिकामी बाटली घेऊन ती धापा टाकत गोठ्यात आली आणि थबकली. वासरू कासेला ढुसण्या देत चुटूचुटू पीत होतं. त्याला धरून बसल्या होत्या धोंडुबाई.

"जार पडला?"

"नाय अजून. पण तू निम्मा चीक गावाला वाटलास. म्हटलं, उरलेला तरी याच्या पोटात जाऊ दे. दारं लागायच्या आत."

दर्शनाचा जीव भांड्यात पडला. आपण जिंकलो, असं ती म्हणणार, तोच सासूबाईंनी तिला पायांपासून पदरापर्यंत न्याहाळलं.

"लुगडं शोभतं गो तुला. ठेव तुझ्याकडंच. ढवळी तुझ्या हाताला लागली. उद्यापासून सकाळची धार तुझी."

"आणि संध्याकाळची?" दर्शनाने आशेने विचारलं.

"संध्याकाळी ढवळी काय दुसरं लुगडं मागते?"